एक म्हणजे नको

"तू भुतूर जा, शेवंते," आई म्हणाली. "फोन वाजतलो तेव्हा तू हय नको."

"कित्याक? फोन काय माका बघतलो?"

"फोन बघणा नाय. पण मी तुझ्या तोंडाकडे बघतलंय, आणि माझो मोजताना घोटाळो होतलो."

वहिनी तोंडावर पदर घेऊन हसली. मी उठून स्वयंपाकघरात गेले, पण तिथे काही काम नव्हतं. दाराच्या चौकटीला पाठ लावून बसले. रविवार होता, दिवेलागणीची वेळ. बाहेरच्या खोलीत स्टुलावर फोन होता, आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसावं तशा आई आणि वहिनी त्याच्यासमोर बसल्या होत्या.

दिगंबर, माझा मोठा भाऊ, तेव्हा बहारीनला होता. जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीच्या हापिसात चहा करायचा, कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे, संध्याकाळी सगळे गेले की कुलूप लावायचं, हे त्याचं काम. देवगडजवळच्या आमच्या गाबीतवाडीत पहिला फोन त्यानेच घेतला. घेतला खरा, पण रोज कोण बोलणार? म्हणून रिंगा ठरल्या होत्या. बुधवारी हापिस रिकामं झालं की दादा घरी फोन लावायचा, कानाशी तीन रिंगा ऐकायचा आणि ठेवून द्यायचा. तीन म्हणजे मी बरा आहे. आम्ही उचलायचा नाही, नुसता मोजायचा. वाजतच राहिला, तर मात्र उचलायचा, कारण त्याला काही बोलायचं असणार. ज्यांचे पुरुष आखातात होते त्या आसपासच्या घरांमधून असंच काही ना काही ठरलेलं असे. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण रिंगा वाचता येत होत्या.

त्या रविवारची रिंग माझ्यासाठी होती.

माझा पहिला नवरा गजानन त्याच्या चार वर्षं आधी समुद्रात गेला. ट्रॉलर उलटला, दोघे परत आले, तो नाही आला. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मी माहेरी आले आणि बंदरावर मासळी निवडायच्या कामाला लागले. तिथे बर्फाच्या कारखान्यात सदानंद पराडकर मशीन बघायचा. पस्तिशीचा, लग्न राहून गेलेला माणूस. माझ्या टोपलीत बर्फ घालताना तो कधी इकडचं तिकडचं बोलला नाही. वर्षभर नुसता बर्फ घातला. आणि एका दिवशी सरळ आमच्या घरी आला, आईसमोर उभा राहिला.

"आये, मी मशीनवालो माणूस. माका फिरवून बोलूक येणा नाय. शेवंतीक माका देशात काय?"

आई म्हणाली, "पयलो बस. च्या घे. घरात कोण कोण आसत तुझ्या?"

त्याला रत्नागिरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली होती. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की तिथली मशिनं चालू होणार, त्याआधी त्याला हजर व्हायचं होतं. एकटं जायचं की दुकटं, एवढंच त्याला कळायला हवं होतं. आईने त्याला सांगितलं, "माझा काय म्हणणा नाय. पण तिचो भाव आसा, घरातलो कर्तो तो. तो व्हय म्हणलो तर व्हय."

तो गेल्यावर आईने मला विहिरीवर गाठलं. "तुझ्या मनात आसा काय?"

मी घागर भरत होते. ती काठोकाठ भरून वाहायला लागली तरी मी बोलले नाही.

"समाजला," आई म्हणाली आणि घागर स्वतः उचलून चालू लागली.

आता दादाला विचारायचं कसं? फोन वाजला की शेजारची ताराकाकी पायाला लागलेल्या खवल्यांसकट धावत यायची, तिच्यामागे आणखी चार बायका. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न म्हणजे तेव्हा कुजबुजीने बोलायची गोष्ट. होकार आला तर सगळ्यांना कळेलच, पण नकार आला तर तो वाडीभर घेऊन मला जन्म काढावा लागणार. पत्र लिहावं तर बहारीनच्या खोलीत सहा जण राहत होते आणि एकाचं पत्र सहाही जण वाचायचे. त्या आठवड्यात वहिनीचा मावसभाऊ बाबी रजा संपवून परत निघाला होता. तो मुलखाचा अबोल. वहिनीने त्याच्याबरोबर तोंडी निरोप धाडला आणि उत्तराची रिंगही तिनेच ठरवली. एक म्हणजे नको. दोन म्हणजे चालेल.

"उलटा ठेव," मी म्हटलं होतं. "व्हय म्हणूक एक बरी."

"नाय गो. नको म्हणूक माणसाक येळ लागणा नाय, एक पुरे. व्हय म्हणताना तो जरा थांबता."

आईने मात्र मला समोर बसवून सांगितलं, "एक वाजली तर हो विषय सपलो. सदानंदाक मी काय ता सांगतलंय. तुया पण मागसून रडूचा नाय, भावाक बोल लावूचो नाय. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

तर मी चौकटीला टेकून बसले होते. आणि फोन वाजला.

ट्रिंग-ट्रिंग. आमच्याकडे घंटा अशी जोडीनं वाजते, ती जोडी म्हणजे एक रिंग. एक झाली. मग ती शांतता. मी डोळे मिटून घेतले. मनात एकच होतं, आता वाज, आता वाज. कोणत्या देवाचं नाव घ्यावं तेसुद्धा सुचेना.

ट्रिंग-ट्रिंग.

मग काही नाही. आम्ही तिघी वाट बघत राहिलो. फोन गप्प.

"दोन?" आईचा आवाज.

"दोन," वहिनी.

"शेवंते, तुया किती मोजलंस?"

"मी खंय मोजतंय? मी भुतूर आसंय."

"चौकटीक पाठ लावन बसलंस ता दिसता माका. किती?"

"दोन, आये."

"मगे रडतंस कित्याक?" असं म्हणून ती स्वतःच रडायला लागली.

दुसऱ्याच दिवशी आईने सदानंदाला बोलावून साखर हातावर ठेवली. तो "बरा" एवढंच म्हणाला आणि जाताना आमच्या दारातली पायरी चुकला. वहिनी मला दोन दिवस त्यावरून चिडवत होती. नारळी पौर्णिमेच्या आधीचा मुहूर्त निघाला. देवळात, घरच्या घरी, वाजंत्र्याशिवाय. आता वाडीत कळलं तरी हरकत नव्हती. भावाचा होकार होता. ताराकाकीने नाक मुरडलं, पण तिनेच पुढे पोहे कांडून दिले.

मग बुधवार आला. दादाच्या तीन रिंगांची वेळ. फोन वाजला. एक, दोन, तीन. आणि चार. आणि पाच. वहिनीचा हात उचलायला पुढे गेला तोच तो वाजायचा थांबला.

"तीनाच्या वर कित्याक?" आई घाबरली. "बरो आसा मां तो?"

"बयणीचा लगीन. खुशीत आसतलो," वहिनी म्हणाली.

"खुशीत माणूस मोजूक इसारता?"

त्यावर आमच्यात बोलणं चाललं होतं, तेवढ्यात फोन परत वाजायला लागला, आणि थांबेना. वहिनीने उचलून आईच्या हातात दिला. आईला त्या यंत्राची भीती वाटायची, कानापासून वीतभर लांब धरायची. त्यामुळे तिकडचं सगळं आम्हालाही ऐकू यायचं.

"आये, रविवारी रिंगा किती इल्यो?"

"दोन."

तिकडे काहीच आवाज नाही. फोन कट झाला असं वाटून वहिनीने मान पुढे केली.

"दोन?" दादाने विचारलं.

"दोन रे. तिघींनी मोजल्यो. कित्याक इचारतंस?"

नुसती समुद्राच्या तळातून यावी तशी घरघर.

"बरोबर," दादा म्हणाला. "दोनच. पोचल्यो काय नाय ता इचारलंय. हय हापिसात नवीन मशीन इला."

"आणि आज पाच कश्यो?"

"आज मशीन बिघडला. शेवंतीक दी."

मी फोन घेतला. "दादा."

"गो, साडी कसली व्हयी तुका? पुढच्या म्हयन्यात कोणाबरोबर तरी धाडतलंय. रंग सांग."

मी चार वर्षं रंगाचं नाव काढलं नव्हतं. "हिरवी," मी म्हटलं.

"हिरवी," तो म्हणाला. जरा थांबला. "बरी दिसात. ठेवतंय."

मला वाटलं, आनंदाने केलेला फोन. वर्षानुवर्षं तसंच वाटत राहिलं. दादाला लग्नाला येता आलं नाही. साडीसुद्धा लग्नानंतर महिन्याने पोचली, पण पोचली. पुढच्या बुधवारपासून रिंगा पुन्हा तीन वाजायला लागल्या. लग्न झालं आणि मी रत्नागिरीला गेले.

तिथलं आयुष्य मला मिळालं ते सांगत बसले तर ही गोष्ट राहून जाईल. एवढंच सांगते की मला अक्षर सदानंदाने शिकवलं. कारखान्यात साच्यातून निघालेली बर्फाची लादी असे, तिच्यावर तो खिळ्याने एक अक्षर कोरायचा आणि म्हणायचा, "विरघळायच्या आत वाच." मी तिशी ओलांडलेली बाई, गार पडलेली बोटं तोंडात घालून 'क' आणि 'फ' मधला फरक शोधायची. माझी कितीतरी अक्षरं गटारातून खाडीला मिळाली. राहिली तेवढ्यांवर आज हे लिहिते आहे. दोन मुलगे झाले. त्यांच्या शाळेच्या कागदावर मी अंगठा लावला नाही, सही केली.

दादा दुसऱ्या वर्षी रजेवर आला तेव्हा आमच्याकडे दोन दिवस राहिला. पहिल्या दिवशी सदानंदाशी अवघडून बोलला. दुसऱ्या दिवशी दोघे कारखान्यात गेले आणि संध्याकाळी ग्रीसने माखलेले हात घेऊन परत आले. मग ठीक झालं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दादा आता कायमचा गावी असतो. आंब्याची पेटी घेऊन आमच्याकडे आला होता, आणि त्याला भेटायला राजिवड्याहून रऊफभाई परकार आले. बहारीनच्या त्या हापिसात ते टेलिफोन ऑपरेटर होते. दादाच्या तोंडून नाव ऐकलेलं, बघितलं पहिल्यांदाच. पांढरी दाढी, बोलका माणूस. मी आंबे कापून पुढे ठेवले तर माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "दिगंबर, ही ती बहीण? दोन रिंगांची?"

"रऊफ, आंबो खा," दादा म्हणाला.

"खातो रे. ही तीच ना?"

"आंबो गोड आसा. खा आणि गप ऱ्हव."

"कसल्या दोन रिंगा, रऊफभाई?" मी विचारलं.

"म्हणजे हिला माहीतच नाही?" त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा कोय चोखत खिडकीबाहेर बघत होता. "इतकी वर्षं सांगितलं नाहीस? आता तर सांगायला काय हरकत आहे? पोरं हिची नोकरीला लागली."

"तुका सांगूचाच आसा तर सांग. मी कोण आडवणारो?"

रऊफभाईंनी हात पुसले. "त्याचं काय झालं, बाय, हापिसात टेलिफोनची नवीन मशीन बसवली. अशा मशिनीत सुरुवातीला देश निवडून द्यावा लागतो. फोन लावणाऱ्याच्या कानात घंटी कशी ऐकू यायची, लाईन बिझी असली तर कसं वाजायचं, हे प्रत्येक देशाचं वेगळं असतं. बसवायला आला त्याने अमेरिका तशीच ठेवून दिली, मशीन तिकडूनच आलेली ना. त्यामुळे आमच्या कानात अमेरिकेची घंटी वाजायची. एक लांबलचक टूऽऽऽ, मग भली मोठी शांतता, मग परत टूऽऽऽ. तुमच्या घरातली घंटी मात्र आपल्या रीतीने, भराभर. आमची एक ऐकून होईस्तोवर तुमच्याकडे दोन वाजून गेलेल्या."

मला काही कळलं नाही. मी मान हलवत होते. सदानंद मशीनवाला माणूस, त्याला माझ्याआधी कळलं. त्याने हातातली फोड ताटलीत ठेवली.

"म्हणजे तुमी एकच दिल्यात?" त्याने दादाला विचारलं.

दादा कोय चोखतच राहिला.

"एकच," रऊफभाई म्हणाले. "मी शेजारी होतो. लाईन मीच जोडून द्यायचो त्याला. रविवारी एक ऐकली आणि ठेवला. मी म्हटलं, आज तीन नाहीत? म्हणाला, आज नको सांगायचं होतं."



"माझ्याही घरी रिंगांचंच चालायचं," रऊफभाई पुढे बोलू लागले. "बुधवारी आमच्या बेगमने इकडून फोन करून मला झापलं. दोन ठरलेल्या, चार कसल्या देता, माझा जीव गेला असता! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिगंबरने नुकत्याच त्याच्या तीन देऊन ठेवल्या होत्या. त्याला सांगितलं, तर हा बसला. कुठे बसला? साहेबांच्या खुर्चीत! एरवी त्या खुर्चीची धूळ पुसतानासुद्धा जपायचा. म्हणाला, रऊफ, माझ्या घरी उलटं गेलं. परत लाव. सांगतो त्यांना, ती एकच होती. मी लावून दिला. उभा राहिलो बाजूला. आणि हा माणूस आईला म्हणतो, बरोबर, दोनच. वर साडीचा रंग विचारतो! फोन ठेवल्यावर मी विचारलं, अरे, सांगितलं का नाहीस? तर उठला आणि चहाचे कप धुवायला गेला. धुतलेलेच कप परत धुतले."

मी दादाजवळ जाऊन जमिनीवर बसले. त्याने कोय ठेवली, हात कुठे पुसावेत ते न कळून तसेच धरून बसला.

"नको कित्याक म्हटलंस, दादा?"

"आता तेचा काय?"

"सांग तरी."

त्याने सदानंदाकडे एकदा पाहिलं. सदानंद म्हणाला, "सांगा. मी काय रागावणा नाय. माझा काम झाला."

दादाला हसू आलं. मग तो म्हणाला, "गजा माझो दोस्त. मीच तेका घरात आणलेलंय, तुझ्यासाठी. तो गेलो तेव्हा मी बहारीनाक, तेका बघूकसुद्धा गावलो नाय. बाबीन निरोप दिल्यान तेव्हा माझ्या मनात दुसरो कोण बसनाच नाय. वायट माणूस म्हणान नाय. तेची जागा म्हणान. तीन रात्री इचार केलंय आणि एक दिलंय."

"आणि मगे? बुधवारी सांगूक फोन केलंस तो?"

"सांगतलंयच होतंय. तोंडात तयार होता. आये म्हणाली दोन, आणि मागे कोण तरी हसला. वयनीक तू काय तरी बोललंस आणि हसलंस. मोठ्यान." तो थांबला. "गजा गेल्यापासून तुझा हसणा माझ्या कानार पडूक नाय होता. रजेर येय तेव्हा तू जेवूक वाढीस, कपडे धुवीस, हसूक नाय. म्हटलंय, आता ह्या खंयच्या तोंडान बंद करू? माका येळ लागलो जरा. पण मगे म्हटलंय, दोन तर दोन."

मी हसले होते हे मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. वहिनी सदानंदाच्या चुकलेल्या पायरीचं काही म्हणाली असेल, किंवा ताराकाकीचं. एवढ्या मोठ्या आवाजात हसायला मला त्या वेळी काय मिळालं होतं, कोण जाणे.

आमच्यात भावाचे आभार मानायची रीत नाही. सणाला ओवाळायचं आणि चांगलं जेवू घालायचं, तेवढंच. मला काही तरी बोलायचं होतं आणि इतकी अक्षरं शिकूनही एक सापडेना. रऊफभाई दाढी कुरवाळत उगाच छताकडे बघत होते. सदानंदाने उठून एक चांगला मोठा आंबा निवडला, सोलला आणि दादाच्या पुढ्यात ठेवला. त्याने कधी कोणाला आंबा सोलून दिलेला मी पाहिला नव्हता.

शेवटी मी डोळे पुसले आणि विचारलं, "मगे तुझी ती एक रिंग खंय गेली, दादा? नकोची?"

दादाने आंबा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"आसतली अजून वाटेत," तो म्हणाला. "त्या टायमाच्यो लायनी कश्यो होत्यो, म्हायत आसा मां तुका?"